स्वप्नातली सनद

झोपाळगडच्या राजाला निम्मं राज्य स्वप्नातच दिसायचं बघा. एका सकाळी तो तणतणत उठला आणि त्यानं यमूबाई वकिलीणीला बोलावून घेतलं. "काल स्वप्नात तू मला भर दरबारात हसलीस! तुझी वकिलीची सनद रद्द!"

सनद गेली की काळा डगला फडताळात आणि चूल थंड. पण गप्प बसेल ती यमूबाई कसली! पदर खोचून म्हणाली, "महाराज, गुन्हा ज्या हद्दीत घडतो, खटला तिथंच चालतो. हा कायदा तुमचाच ना?"

"माझाच!" राजानं मिशीला पीळ दिला.

"मग मी हसले स्वप्नात, तर सनदही स्वप्नातच काढून घ्या. तोवर इथली राहू द्या माझ्याकडं."

राजाला पटलं. तिथंच लोडाला टेकून तो घोरायला लागला. खिडकीतून धुकं आत आलं, भालदारही उभ्या उभ्या पेंगले. यमूबाई सनद उराशी धरून बसली.

दुपारी राजा उठला तो तोंड कडू करूनच.

"घेतलीत का सनद?"

"कुठली घेतोय! तिथंही उभी राहिलीस, अवदसे, आणि पुढची तारीख मागून घेतलीस!"