केरूबाबाचे डोळे फुटले

मोठ्यांनी पेले खाली ठेवा, वाइन कुठं पळून जात नाही. लहानांनी बेदाणे खिशात घाला आणि गप बसा. चैत्र सरता सरता आमच्या जांभुळमाळावर जो नवा पाहुणा येतो, तो हमखास बिचकतो. जो तो हसत हसत एकमेकाला सांगत असतो, "केरूबाबाचे डोळे फुटले." पाहुण्याला वाटतं, काय दगडाच्या काळजाची माणसं ही. म्हणून ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी.

फार वर्षांमागं, कादवा नदीकाठच्या ह्या माळावर नुसती बाजरी व्हायची आणि तीही मनात आलं तर. सावळेराम आणि केरू हे दोघे भाऊ इथं राहत. सावळेराम थोरला, तोंडानं फटकळ. केरू धाकटा, नादिष्ट. कुणी म्हणतं तो जत्रेतून आला, कुणी म्हणतं सासुरवाडीहून, पण येताना धोतराच्या सोग्यात बांधून द्राक्षाच्या काड्या घेऊन आला. लोक हसले. केरू आपला पाणी घालत राहिला. वेली मांडवावर चढल्या आणि घड असे लागले, की वाटसरू वाट सोडून बागेत यायचे. कुणालाही तो रित्या हातानं जाऊ देत नसे, असं म्हणतात.

मग एका फाल्गुनात गारा पडल्या. लिंबाएवढ्या होत्या, असं म्हणतात. माझी आजेसासू नारळाएवढ्या म्हणायची, पण ती जरा वाढवूनच सांगायची. घड गेले, पानं गेली, मांडवाखाली नुसता चिखल उरला. सावळेराम म्हणाला, "केरू, झाले तेवढे लाड पुरे. घरात खाणारी तोंडं आहेत, मला बाजरी पेरायचीय. आखाजी उलटली की नांगर घालतो."

केरू म्हणाला, "दादा, आखाजीपर्यंत हात लावू नको."

आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. आणि त्यानं काय केलं? कात्री घेतली आणि उरलीसुरली वेलही छाटून टाकली. पार बुंध्यापाशी, चार बोटं काडी ठेवून. आता ह्याला आम्ही खरड छाटणी म्हणतो आणि दर चैत्रात करतो. तेव्हा गाव म्हणालं, ह्याचं डोकं फिरलंय, मेलेल्याला मारतोय.

आता एक सांगते, म्हणजे पुढं अडायला नको. काडीच्या पेरापेराशी बारीक फुगवटा असतो, त्याला आम्ही डोळा म्हणतो. त्यातून कोंब आला, की डोळा फुटला.

केरूच्या स्वतःच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. दिसायचं ते धुक्यातून दिसावं तसं. तो अंगठ्यानं चाचपून छाटायचा. छाटलेल्या वेलीतून पाणी ठिबकायचं. ते तो आपल्या पापण्यांना लावायचा आणि म्हणायचा, "बाई, तू रडू नको. माझ्या डोळ्यांत जे काही उरलंय ते तू घे, पण फूट." असं म्हणतात, की एकही वेल त्यानं न बोलता सोडली नाही.

पण वेल काही हलली नाही. आखाजी आली. घरोघर पुरणपोळी झाली, केरूनं घास गिळला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तसं सावळेरामानं बैल जुंपले. त्याच वेळी केरूची बायको गयाबाई नवऱ्यासाठी भाकरी घेऊन बागेत गेली आणि बांधावरच थबकली. सगळ्या काड्यांवर गुलाबी कोंब. हात लावावा तिथं कोंब. डोळे तर फुटलेच होते, पण जून खोडाला, मांडवाच्या वाळक्या डांबांनासुद्धा फुटले होते, असं म्हणतात. तिनं पाटी टाकली आणि ओरडली, "अहो, डोळे फुटले! सगळे फुटले!"

वारा गावाकडं होता. सावळेरामाच्या कानावर पडलं ते एवढंच, की डोळे फुटले.

त्याच्या हातातला कासरा गळाला. भाऊ रडून रडून आंधळा झाला आणि तो माझ्यापायी, एवढंच त्याच्या मनात. नांगर तिथंच टाकून तो अनवाणी धावला. त्याच्यामागं गाव धावलं. कुणी शेवग्याचा पाला वाटून आणला, कुणी गुलाबपाणी, एकीनं तर घाईघाईत पोळ्यांवरचं तूपच आणलं.

बघतात तर केरू वेलीखाली बसून हसतोय आणि अंगठ्यानं एकेक कोंब चाचपतोय. गयाबाईनं सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा गाव पोट धरून हसलं. सावळेराम तेवढा हसला नाही. त्यानं भावाच्या तोंडापुढं हात हलवून पाहिला. केरूची पापणी लवली नाही.

"केरू, तुला दिसतंय का?"

"नाही दादा. पहाटेपासून काहीच नाही." केरू म्हणाला, "कोंबांचा रंग कसा आलाय रे? हाताला ऊन लागतंय, पण रंग कळत नाही."

सावळेराम भावाच्या शेजारी मातीत बसला आणि त्यानं पहिल्यांदा त्या वेलींकडं नीट बघितलं. म्हणाला, "गुलाबी आहे. कडेला पांढरी लव आहे." केरूनं हात पुढं सरकवला, सावळेरामानं पुढचा कोंब सांगितला. सूर्य माथ्यावर आला तरी दोघे उठले नाहीत. त्यानंतर दोघे होते तोवर दर वसंतात थोरला सांगायचा आणि धाकटा चाचपायचा. नांगर परत त्या बागेत गेला नाही.

आज इथं केरूबाबाच्या पणतवंडांची वाइनरी आहे. छोटीच आहे, घरची माणसं सगळं बघतात. पण आखाजीच्या दुसऱ्या दिवशी कुणी पिंपांना हात लावत नाही. वर्षभरात ज्यांचं ज्यांचं बिनसलं असेल त्यांच्या जोड्या लावतात. एकानं डोळे मिटून काडी धरायची, दुसऱ्यानं दिसेल ते सांगायचं.

गेल्या साली विलास आणि प्रमोद ह्या दोघा चुलतभावांचं बाटलीवरच्या चित्रावरून वाजलं होतं. दिवाळीपासून अबोला. मीच दोघांना कानाला धरून वेलीपाशी नेलं. विलासनं डोळे मिटले. प्रमोद तोंड वाकडं करून म्हणाला, "गुलाबी आहे."

विलासनं हात पुढं सरकवला आणि विचारलं, "आणि हा?"