परीक्षकांना लागलेलं भूत

नर्सिंगच्या मुलींना रुग्णांची संस्कृती कळते का, हे तपासायला शहरातून डॉ. दिवेकर आले. खेड्याची संस्कृती म्हणजे भूत, एवढंच साहेबांना ठाऊक! स्वतःच रुग्ण बनून ते खाटेवर पडले आणि किंचाळले, “मला भूत लागलंय! सुई नको!” समजूत घालणाऱ्या सगळ्या मुलींना त्यांनी नापास केलं.

शेवटी रेवा पाडवीची पाळी आली. नापास झाली तर वर्ष वाया जाणार होतं.

“भूत का, मामा? मग रीतीप्रमाणे आधी मिरच्यांची धुरी. मेट्रनबाई, शेगडी आणा!”

मेट्रनबाई आनंदानं धावल्या. दिवेकर ताडकन उठले. “अगं, मी परीक्षक आहे! मोठा डॉक्टर!”

“अंगात आलं की सगळे असंच कुणीतरी मोठे होतात, मामा. पडा बघू.”

दिवेकरांनी निमूट दंड पुढे केला. “सुई चालेल. पास!”