खारीची आखणी, घुशीची खोदाई

ओढ्याकाठच्या एका रानात एक खार होती. तिची नजर फार नेमकी. कोणाला घर हवे असले की ती ओल्या वाळूवर नखाने रेघा ओढून द्यायची आणि त्या बघून घूस बीळ खणायची. मुलांनो, बिळात मात्र खार स्वतः कधी उतरली नव्हती.

एकदा एक गाभण सशीण तिच्याकडे आली. म्हणाली, "चार दिवसांत बीळ हवं. पिल्लं उघड्यावर झाली तर कोल्हा एकही ठेवायचा नाही." खारीने आखून दिले : उंचावर दार, तिथून सरळ उतरणारी वाट आणि तळाशी पिल्लांची खोली. तिसऱ्या दिवशी ती पाहायला गेली, तर वाट मध्येच डावीकडे वळलेली.

"मी सरळ आखली होती," खार म्हणाली.

"सरळ खडक आहे," अंगावरची माती झटकत घूस म्हणाली. "वाळूवर तो दिसत नाही, बाई."

खार गोंधळली. आपली आखणी चुकली, की घुशीने अंगचोरपणा केला? आणि घुशीचे खरे असेल, तर इतकी वर्षे आपण नुसत्या रेघाच ओढल्या का? त्या दिवशी तिला दाणा गोड लागेना. शेवटी ती बिळात शिरली. अंधारात नाकाला गार दगड लागला. घूस खरेच बोलली होती. पण डावीकडे थोडे पुढे जाताच पायाखालची माती ओली लागली, आणि झाडावरून रोज दिसणारे ओढ्याचे वळण तिला आठवले.

"थांब," ती म्हणाली. "इकडे ओढा आहे. आणखी वीतभर खणलंस तर पाणी आत येईल."

आता घूस गोंधळली. "आत दिशाच कळत नाही गं. मग वळू कुठे?"

"मलाही ठाऊक नाही. उजवीकडे खणून बघू."

मग खार कधी वर जाऊन अंदाज घेई, कधी खाली येऊन घुशीबरोबर माती उकरी. दोनदा चुकल्यावर कोरडी जागा सापडली. चौथ्या दिवशी सशीण आत गेली आणि तिला पाच पिल्ले झाली.

"पिल्लांना काय सांगू? घर कोणी बांधलं?" तिने विचारले.

खारीने घुशीकडे पाहिले, घुशीने खारीकडे. मग दोघींनी एकदमच एकमेकींकडे पंजा दाखवला.

तात्पर्य : आखणाऱ्याने मातीत उतरावे, आपली रेघ कुठे अडते, ते तिथेच कळते.