पक्क्यावर न उमटणारी मोहर

पूर्वी मेखलपूर नगरात सुदंष्ट्र राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्माला आला होता. नगरातली छपरे गवताची. म्हणून आगीच्या भयाने राजाज्ञा होती की प्रत्येकाने दाराशी पाण्याची पाच मडकी ठेवावीत आणि त्यांवर राजमोहर असावी. मडके पक्के असल्याची ही मोहर पिंगल नावाचा अधिकारी देई.

पिंगल माणूस वाईट नव्हता, पण आपल्या मोहरेवर त्याचा भारी जीव. ती उमटायची फक्त ओल्या मातीत. म्हणून तो मडकी भट्टीत जाण्याआधीच पसंत करून मोकळा होई. कुंभारही शहाणे! मोहर मिळालीच आहे, तर लाकूड कशाला जाळा? दोन दिवसांची भट्टी एका दिवसावर आली, मग प्रहरावर, आणि शेवटी मडकी नुसता धूर खाऊन बाजारात येऊ लागली. पाणी भरले की ती पाझरत, म्हणून लोक ती कोरडीच ठेवू लागले. पिंगल घरोघर फिरे तो मोहरा मोजायला. पाणी बघण्याचा त्याला हुकूमच नव्हता.

बोधिसत्त्व मात्र म्हणे, "कच्च्याला पक्कं म्हणवून घ्यायला माझा हात धजत नाही." तो मडकी आधी पुरती भाजी, आणि मग त्यांवर मोहर उमटत नसे. बिनमोहरेचा माल विकतो म्हणून पिंगलाने त्याची साठ मडकी जप्त करून आपल्याच अंगणात रचली. दुसऱ्या दिवशी ती चव्हाट्यावर फोडायची होती. बोधिसत्त्वाच्या घरचे वर्षभराचे पोट त्यांत होते.

तो विनवणी करायला आला, तोच पिंगलाच्या स्वयंपाकघराच्या छपराने पेट घेतला. आत पिंगलाची आई होती, म्हातारी आणि पायांनी अधू.

पिंगलाने दारातले मोहरेचे मडके अंगणातल्या विहिरीवर नेऊन भरले. उचलले तर काठ हातात आणि बूड पायावर. दुसऱ्याचा चिखल झाला, तिसऱ्याचाही. पाचव्याची मोहर तेवढी शाबूत राहिली.

बोधिसत्त्वाने जप्तीतले मडके ओढले. सवयीने पिंगलाच्या तोंडून निघाले, "थांब! त्यावर मोहर नाही!"

आतून म्हातारी ओरडली, "मेल्या, आधी मला विझव, मग मोहर बघ!"

पिंगल लाजला आणि धावला. शेजारी जमले, साठही मडकी विहिरीवरून छपराकडे फिरू लागली. 'आधी माझा माल सोड' असे बोधिसत्त्वाला म्हणता आले असते, पण त्याला ते सुचलेच नाही. ओले घोंगडे पांघरून तो आत शिरला आणि म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर आला.

आग विझल्यावर पिंगल रडला. "दादा, तुमच्या सगळ्या मडक्यांना आत्ताच्या आत्ता मोहर देतो," म्हणत त्याने मोहर टेकवली, दाबली, अंगाचा भार टाकला. मडके काही दबेना. शेवटी हात घसरला, बोटातली अंगठी मडक्यावर आपटली आणि ते खणकन वाजले.

"ऐकलंस?" म्हातारी म्हणाली. "हीच त्याची मोहर."

साठही मडकी धडधाकट घरी गेली, आणि तेव्हापासून त्या नगरात मडके वाजवून घेण्याची चाल पडली.

इतके सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची म्हातारी म्हणजे आजची उपासिका खेमिका. कुंभार मीच होतो. आणि पिंगल म्हणजे आपला उपनीत, जो नवख्याचे मुंडण होताच 'हा मुक्त झाला' असे गावभर सांगत सुटतो."

उपनीताने मान खाली घातली आणि हळूच आपल्याच डोक्यावर टिचकी मारून पाहिली.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्ण केली ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.