शलाकाने मोडलेला ग्रंथ

खाडीकाठच्या एका गावात शलाका नावाची मुलगी राहत होती. हुशार, कामसू, आणि नीटनेटकेपणाचे तिला भारी वेड.

त्या किनाऱ्यावरच्या काही मंडळींनी एक मंडळ काढून एक सॉफ्टवेअर घडवले होते. वादळ येणार असले की ते समुद्रातल्या होड्यांना फोनवर इशारा देई. ते कुणा एकाच्या मालकीचे नव्हते. कुणीही वापरावे, कुणीही सुधारावे. त्याच्या लहान लहान भागांना मंडळी पॅकेज म्हणत. वाऱ्याचे एक, भरती-ओहोटीचे एक, निरोप पोचवण्याचे एक. प्रत्येकाला वेगळा सांभाळणारा. सांभाळायचे कसे, हे मात्र ज्याच्या त्याच्या डोक्यात! वाऱ्याचे पॅकेज जनार्दनभाऊंकडे होते. कुणी काही विचारले की ते म्हणत, "फोन कर ना, सांगतो!" आणि फोन उचलत नसत.

शलाकाने कंबर कसली. एकेकाच्या मागे लागून तिने सगळी माहिती काढून घेतली आणि मंडळाच्या संकेतस्थळावर एक भलामोठा ग्रंथ रचला. प्रकरणे सुबक, भाषा गोड, वर तिचे नाव. त्याला हात लावायची मुभा फक्त तिलाच. गावाने तिचा सत्कार ठरवला.

तेवढ्यात जनार्दनभाऊंनी आपले पॅकेज बदलले. ग्रंथात जुनीच रीत राहिली. हसीना नावाची मुलगी मंडळात नवी होती. तिने ग्रंथ वाचून, अक्षरन् अक्षर पाळून एक दुरुस्ती केली, आणि इशारे बंद पडले. समुद्र त्या दिवशी शांत होता, म्हणून निभावले.

शलाका तणतणत भाऊंकडे गेली. "भाऊ, बदल केलात तर मला सांगायचं नाही?"

"अगं, माझं काम इथं, तुझा ग्रंथ तिथं. दर वेळी तुझ्या दारात येऊ? आणि मी लिहितो म्हटलं तर म्हणतेस, भाऊ, प्रकरण बिघडेल!"

शलाका घरी परतली आणि ग्रंथ उघडून बसली. ग्रंथ ठेवला तर नाव होते, सत्कार होता. पण पुढच्या वेळी समुद्र शांत असेलच असे थोडेच होते?

तिने ग्रंथ मोडला. ज्या त्या पॅकेजच्या सूचना त्या पॅकेजशेजारीच नेऊन ठेवल्या. सगळ्या पानांची मांडणी एकसारखी केली, म्हणजे नवख्यालाही हवे ते चटकन सापडावे. लिहिण्याचा हक्क सांभाळणाऱ्याला दिला. मंडळाकडून नियमही करून घेतला: पॅकेज बदलले की पानही बदलायचे, नाहीतर बदल स्वीकारायचा नाही.

"शाळाच काढलीस की गं!" जनार्दनभाऊ कुरकुरले. पण लिहू लागले.

"आता सत्कार कशाचा करायचा?" गावकऱ्यांनी विचारले.

"नका करू," शलाका म्हणाली.

पुढे जनार्दनभाऊ लेकीच्या लग्नासाठी परगावी गेले. नेमके तेव्हाच, भर दुपारी, वाऱ्याचे पॅकेज अडले. आभाळ काळवंडत होते. सगळ्या होड्या दूर समुद्रात होत्या. भाऊंचा फोन लागेना. हसीनाने शलाकाला फोन लावला.

"ताई, तू ये लवकर!"

"येऊन काय करू? मला त्यातलं कळत नाही. पॅकेजशेजारचं पान उघड आणि लिहिलंय तसं कर."

"मागच्या वेळीही लिहिल्याप्रमाणेच केलं होतं!"

"ते मी लिहिलं होतं. हे भाऊंनी लिहिलंय."

हसीनाने पान उघडले. बिघाड कुठे पाहायचा आणि कसा काढायचा ते तिथे स्वच्छ लिहिले होते. तिने तसे केले. क्षणात होड्याहोड्यांवर फोन वाजू लागले. होड्या वळल्या. वारा सुटायच्या आत शेवटची होडी धक्क्याला लागली, आणि साऱ्या गावाने एकच जल्लोष केला.

जनार्दनभाऊ परतल्यावर काहीसे हिरमुसले. "म्हणजे माझ्यावाचून चाललं तर!"

"तुमच्यावाचून कसलं, भाऊ?" शलाका हसून म्हणाली. "तुम्ही लग्नात जेवत होतात आणि इथं वादळाला पुरून उरलात!"

तात्पर्य: कामाची माहिती कामाशेजारी आणि काम करणाऱ्याच्या हाती असावी; ती आपल्या नावाने मिरवणाऱ्यापेक्षा सर्वांच्या स्वाधीन करणारा मोठा.