नववा पाट

एकदा काय झालं, सूर्यराजाने पंगत मांडली. शालू, आधी पाय पांघरुणात घे, मग सांगते. हं. तर पंगत मांडली आणि एका ओळीत नऊ पाट घातले. वाढायला राजा स्वतः. काय वाढायचा? ऊन! दुसरं काय असणार त्याच्याकडे? पहिल्या पाटावर बुध. त्याच्या पानात इतकं ऊन पडायचं की बिचारा भाजून निघायचा. मग शुक्र, मग आपली पृथ्वी, आणि असं करत करत पार टोकाला, नवव्या पाटावर, प्लूटो.

केवढा होता प्लूटो? आपला चांदोबा आहे ना, त्याच्याहूनही लहान. अंगभर नुसता बर्फ. राजाने वाढलेलं ऊन त्याच्या पानापर्यंत पोचायला साडेपाच तास लागायचे, आणि पोचायचं तेही चिमूटभर. पण तक्रारीचं नाव नको. तिकडच्या थंडीत हवासुद्धा गोठून खाली पडते, बरं का. आणि हा आपला मान ताठ करून बसलेला. राजाभोवती एक फेरी घालायला त्याला दोनशे अठ्ठेचाळीस वर्षं लागत. पण एक फेरी चुकवली नाही पठ्ठ्याने.

त्याच्यासमोर असायची शॅरन. ही त्याची मोठी चंद्रिका, म्हणजे त्याच्या घरचा चांदोबाच. आणखी चार चिल्लेपिल्ले चंद्र होते, पण शॅरनची गोष्टच वेगळी. दोघं एकमेकांभोवती फिरायची, पण तोंडं कायम समोरासमोर. पाठ फिरवणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग एक दिवस आणखी लांबून एरिस आली. बर्फाचीच, जवळजवळ प्लूटोएवढी. म्हणाली, "मलाही पाट द्या." तिच्यामागे आणखी दोघं-तिघं उभे. राजाचा कारभारी होता गुरू, सगळ्यांत धिप्पाड. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. असे पाट घालत बसलो तर ओळ संपायची कधी? मग त्याने तीन अटी काढल्या आणि राजाच्या जासुदाला, धूमकेतूला, प्लूटोकडे पिटाळलं. लांब शेपटी मिरवत आला तो.

"प्लूटोराव, पहिली अट. राजाभोवती फिरता का?"

"आजवर एक फेरी चुकलेली नाही."

"दुसरी अट. अंगाने गोल आहात का?"

"चारी बाजूंनी बघून घे."

"तिसरी अट. वाट झाडलेली आहे का?"

आता मात्र प्लूटोने वळून आपल्या वाटेकडे बघितलं. पंगतीची रीतच होती ती. आपल्या पाटाभोवतीची जागा आपण झाडायची. थोरल्यांनी ती कधीच झाडून घेतली होती. वाटेत जे आलं ते कुणी गिळलं, कुणी लांब भिरकावून दिलं. आणि प्लूटोच्या वाटेवर? बर्फाचे धोंडे, गोळे, खडे, हजारोंनी! त्याच्याबरोबर तेही राजाभोवती फिरायचे. तो केर आहे असं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"उद्यापर्यंत झाडा," धूमकेतू म्हणाला, "नाहीतर पाट जाईल." तिकडचा उद्या म्हणजे आपले सहा दिवस आणि वर नऊ तास, बरं का.

मग प्लूटोने खराटा घेतला. वाईट वाटलं गं त्याला, पण घेतला. शेवटचा असला तरी राजाच्या ओळीतला पाट होता तो! पहिल्यांदा खराटा उचलला, तर समोर एक चिमुकला खडा. म्हणाला, "काका, आज लवकर उठलात?" प्लूटोने खराटा खाली ठेवला. मग दुसऱ्यांदा उचलला, तर एक म्हातारा धोंडा म्हणाला, "अडचण होते का रे माझी? जरा सरकू का?" पुन्हा खराटा खाली. मग तिसऱ्यांदा त्याने डोळेच मिटून घेतले आणि खराटा उचलला. तेव्हा शॅरन बोलली.

"झाडायचं तर झाडा. मी अडवत नाही. पण मला जन्मभर हे एकच तोंड बघायचंय, आणि तुम्हाला माझं. शेजाऱ्यांना झाडून आलेलं तोंड कसं दिसेल, तेवढा विचार करा."

प्लूटोने डोळे उघडले आणि खराटा टाकून दिला.

मग धूमकेतू आला. "झाडलं?"

"नाही. इथे केर नाही. इथे माझी माणसं राहतात. आणि तू रे? तूही इथलाच ना? याच बर्फातला एक गोळा होतास तू. मी तुला झाडून टाकलं असतं, तर आज राजाचा जासूद कोण झालं असतं?"

धूमकेतूची शेपटी एवढीशी झाली. मग प्लूटो उठला. आपला पाट आपल्याच हाताने उचलून त्याने धूमकेतूकडे दिला आणि एरिसच्या शेजारी, उघड्या बर्फावर, मांडी घालून बसला. मान तशीच ताठ! मला तर फार अभिमान वाटतो बाई त्याचा.

धूमकेतूने दरबारात सगळं जसंच्या तसं सांगितलं. गुरूसुद्धा खाली बघायला लागला. राजा म्हणाला, "माझ्या पंगतीतून असा उठणारा हा पहिलाच. नियम मोडायचा नाही, ओळीत आठच राहतील. पण बटुग्रहांची दुसरी पंगत बसवा. आणि मी वाढायचा थांबणार नाही. शेवटच्या खड्यापर्यंत वाढीन." मग एरिसला जागा मिळाली, हौमियाला मिळाली, माकेमाकेला मिळाली. इकडे मंगळापलीकडे एकटी बसलेली सेरेससुद्धा त्यांच्यात आली. आजवर कुणी विचारलं नव्हतं गं त्यांना.

मग पुढे काय झालं, आपल्या पृथ्वीवरून प्लूटोला बघायला निघालेलं एक छोटंसं यान तिथे पोचलं. साडेनऊ वर्षं चाललं होतं. जवळ जाऊन बघतं तर काय, प्लूटोच्या ऐन छातीवर पांढऱ्या बर्फाचं मोठं मैदान, पत्त्यातल्या बदामासारखं! त्याने फोटो काढून पाठवला, तो मी पाहिलाय.

अजून सगळे तिथे आहेत, गारठ्यात, पण सुखात. हजारो खडे आजूबाजूला, आणि समोर शॅरन. तर शालू, बाईंनी ग्रह किती विचारलं तर आठच सांग हो, तेच बरोबर आहे. पण नववा कुठे गेला असं कुणी हसत विचारलं, तर मान वर करून सांग, त्याला कुणी उठवला नाही, तो आपणहून उठला.

मिट बघू डोळे आता.