अवनेटचा पाळणा

खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उघडा पडतो तो अवनेटचा खडक. त्यावरच्या खांबाला टांगलेला पाळणा रिकामाच असतो. तो दोरीने न बांधता लांब पांढऱ्या शेल्याने का बांधतात, हे पाहुणे हटकून विचारतात. तो शेला आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे इथल्या ज्यूंच्या, घरून जातो.

फार पूर्वी, म्हणे, आमच्या पूर्वजांचं गलबत या खडकावर फुटलं. काहीजण वाचले. मिल्का नावाच्या बाईला लाटेने बेशुद्धावस्थेत किनाऱ्यावर फेकलं. तिचा नवरा आणि लहानगी लेक हाना मात्र खडकाला धरून राहिले. कोळीवाड्यातल्या हिरोजी नाखव्याने भर तुफानात होडी घातली, पण खडकाला लागता येईना. वरून तो माणूस जीव तोडून ओरडत होता, "अवनेट! अवनेट!" नाखव्याला वाटलं, अवनेट नावाचं पोर पाण्यात पडलंय. होडीला एक लांबलचक पांढरं फडकं येऊन अडकलं होतं. ते वल्ह्याने दूर सारून त्याने उडी घेतली. पोर सापडलं नाही. तो दमून वर आला, तेव्हा खडकावर कुणीच नव्हतं.

नाखव्याने मिल्काला बहीण मानून घरी ठेवलं आणि अवनेटच्या नावाने खडकावर पाळणा टांगला. तिला इथली बोली कळू लागली, तेव्हा त्याने एकदा फडक्यासकट सगळं सांगितलं.

हिब्रूत अवनेट म्हणजे कमरेला गुंडाळायचा शेला. त्याचं एक टोक हानाच्या कमरेला असणार, दुसरं होडीकडे फेकलेलं. 'शेला धरा', एवढंच तो बाप सांगत होता.

मिल्का चूल विझेपर्यंत तिथेच बसून राहिली, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी तिने पाळण्याची दोरी सोडली आणि शेला बांधला.

पुढे नाखवा मरायला टेकला. मिल्काचा हात धरून म्हणाला, "बाय, तुजा अवनेट किती मोठा व्हता गो? मना गावला नाय."

"लहान व्हता, दादा," ती म्हणाली. "कुनालाच नसता गावला."

खरा अर्थ तिने मरताना आमच्यातल्या एका बाईला सांगितला. तेव्हापासून तो आमच्याच घरांत राहिला आहे.

आजही नारळी पौर्णिमेला नाखव्याच्या घरचे पहिला नारळ अवनेटबाळाला वाहतात आणि शेला आम्ही देतो. तुमची परतीची वाट कोळीवाड्यातूनच आहे. ती माणसं चहा पाजतील, बुडालेल्या पोराची गोष्ट सांगतील. ऐकून घ्या. अर्थ मात्र सांगू नका.